दहा मिलिसेकंद ठीक, पण जिटरचं काय?

‘लेटन्सी १० मिलिसेकंदांखाली आणली की लॅपटॉप वाद्यासारखा वाजतो’ हे लॅपटॉपवर संगीत वाजवण्याविषयीच्या तुमच्या लेखातलं विधान अर्धवट आहे. लेटन्सी म्हणजे ठोका दिल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. संगणक-संगीताचे संशोधक डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी २००२ साली ही मर्यादा मांडताना जोडीला दुसरा आकडाही दिला होता: या उशिरातला चढउतार, म्हणजे जिटर, १ मिलिसेकंदाच्या आत हवा. लेखात त्याचा उल्लेखच नाही, आणि वाजवणाऱ्याला खरा त्रास तिथेच होतो. ठरलेला उशीर हात पचवतो. स्पीकर साडेतीन मीटरवर असला तरी आवाज कानापर्यंत यायला १० मिलिसेकंद लागतातच, आणि मंचावर आपण तसं वाजवतोच की!

मी तबला वाजवतो, फ्यूजनच्या कार्यक्रमांत लॅपटॉपला जोडलेले पॅडही. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाची एक नोंद); म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झला साधारण ५.८ मिलिसेकंद. तरी द्रुत लयीत ‘तिरकिट’ अडखळायचं. कारण सॉफ्टवेअर प्रत्येक ठोका पुढचा बफर सुरू होताना वाजवत होतं. एक ठोका जवळजवळ लगेच, दुसरा सहा मिलिसेकंद उशिरा. मग ठोक्याची वेळ नोंदवून तो पुढच्या बफरमध्ये त्याच अंतरावर, नेमक्या सॅम्पलवर टाकणारा पॅच (छोटा प्रोग्रॅम) केला. सरासरी उशीर वाढला, पण तिरकिट सलग, स्वच्छ आलं. तुमच्या लेखातल्या तक्त्यात प्रत्येक इंटरफेसची (लॅपटॉपला आवाज जोडणाऱ्या उपकरणाची) फक्त सरासरी लेटन्सी आहे. कमाल आणि किमान आकडेही द्या, कारण कलाकाराला निवड त्यावरूनच करावी लागते.