वीस मायक्रॉनचं कवच विरघळवून दोन मायक्रॉनचा लेप?

‘अॅल्युमिनियमवर एकदाच नॅनो-काचेचा सोल-जेल लेप द्या, जन्मभर गंज विसरा’ हा पाच मुद्द्यांचा मेसेज सगळीकडे फिरतोय. सोल-जेल म्हणजे द्रव लावायचा, तो घट्ट होऊन वाळला की काचेसारखा पातळ थर उरतो. मेसेज मी सोडून दिला होता. पण काल तो मामांनी पाठवला आणि खाली विचारलं, ‘कॉस्टिक आणून ठेवलाय, खिडक्यांच्या चौकटींना लावू ना?’ मामा, अजिबात लावू नका.

त्यांनी विचारलं तो मेसेजचा दुसरा मुद्दा. लेपाआधी कॉस्टिक सोड्याने चौकट ‘चकाकेपर्यंत’ घासा, असं त्यात म्हटलंय. पाचांत सगळ्यात घातक हाच. चौकट अॅनोडाइज्ड असेल तर तिच्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर आधीच असतो. बाहेरच्या कामासाठी तो साधारण १५ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवतात. तो वरून चोपडलेला नसतो, आम्लाच्या टाकीत वीज सोडून धातूतूनच वाढवलेला असतो. कॉस्टिक आधी तो थर विरघळवतं, मग खालचा धातू खायला लागतं. बुडबुडे दिसतात तो हायड्रोजन, पेट घेणारा वायू. आणि चकाकी कसली येतेय? पृष्ठभाग मंद, पांढुरका होतो. मिश्रधातूत तांबं-लोह असेल तर ते न विरघळता मागे राहतं आणि फडक्याला काळी काजळी लागते. तिच्यावर दिलेला लेप काजळीला चिकटतो, धातूला नाही.

कारखान्यात कॉस्टिक वापरतात हे खरं. पण तिथे तीव्रता, तापमान, वेळ ठरलेली असते आणि नंतर ती काजळी बहुधा नायट्रिक आम्लात उतरवतात. घरी ते करायला जाऊ नका. डोळ्यात थेंब गेला तर त्या क्षणी वाहत्या पाण्याने धुवायला लागा, धूत राहा आणि डॉक्टर गाठा.

आता पहिला मुद्दा, ‘नॅनो म्हणजे जाड थरापेक्षा मजबूत’. शुद्ध सिलिकाचा, म्हणजे काचेच्या मुख्य घटकाचा, सोल-जेल थर एका हातात मायक्रॉनभराच्या पुढे गेला की वाळताना आकसून तडकतो. सेंद्रिय घटक मिसळलेले संकरित लेप काही मायक्रॉनपर्यंत जातात. म्हणजे वीस मायक्रॉन घालवून दोन मिळवायचे! लेपातलं सिलिकॉन ऑक्सिजनमार्फत अॅल्युमिनियमशी रासायनिक बंध जोडतं, हा मेसेजमधला भाग बरोबर आहे. पण पकड चांगली म्हणून थर अभेद्य होत नाही. एका सूक्ष्म छिद्रातून मिठातलं क्लोराइड आत गेलं की तिथेच खड्डा पडायला लागतो.

तिसरा: ‘मिठाच्या फवाऱ्यात १००० तास टिकला, म्हणजे २५ वर्षं’. ही चाचणी म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं बी११७ हे मानक. ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा. त्या मानकातच लिहिलंय की फक्त या चाचणीच्या निकालांचा नैसर्गिक हवेतल्या टिकाऊपणाशी मेळ क्वचितच बसलाय. चाचणी ठरवणारेच असं सांगत असतील तर तासांची वर्षं कोणत्या हिशोबाने केली? खऱ्या हवेत ऊन असतं, ओलं-कोरडं होत राहतं, धूळ बसते. फवाऱ्याच्या पेटीत यातलं काहीच नसतं.

चौथा, ‘ओरखडा आपोआप भरतो’. साध्या सिलिकाच्या लेपात असं काही होत नाही. सिरियम या धातूच्या संयुगांसारखे क्षरणरोधक (गंज रोखणारे घटक) मुद्दाम मिसळले तर ते ओरखड्याशी पोचून क्षरण मंदावतात, तेही साठा संपेपर्यंत.

पाचवा: ‘विमानांना हेच लावतात’. लावतात, मान्य. कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियमला पर्याय म्हणून विमानांच्या अॅल्युमिनियमवर सोल-जेल आलं. पण तिथे तो रंगाखालचा पकड देणारा पातळ थर असतो, वर प्रायमर आणि रंग चढतो. मेसेजने ते वरचे दोन थर गाळले आणि उरलेल्या एकावर जन्मभराची हमी दिली.

मामा, चौकटींना सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. कॉस्टिकचा डबा मुलांचा हात पोचणार नाही असा बंद करून ठेवा. आणि लेप विकायला कोणी आलंच, तर थर किती मायक्रॉनचा आणि त्याच्यावर काय चढवणार, एवढं विचारा.