क्वार्टर आहेत का?

रविवारी संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर वहिनी उशिरा आल्या आणि भेळेला हातही लावला नाही. लेकीचं लग्न झालंय, पुढच्या महिन्यात ती न्यू जर्सीला निघालीय. "तिकडे तिचं कोण आहे गं?" एवढंच म्हणाल्या, आणि तिथून जो वाद पेटला तो दिवे लागले तरी चालूच होता.

मास्तरांचं उत्तर तयार होतं. "अहो वहिनी, न्यू जर्सीतलं एडिसन म्हणजे दुसरं ठाणंच. ओक ट्री रोडवर सगळं मिळतं. मराठी मंडळ आहे, गणपती आहे. मैत्रिणींना काय तोटा?"

मी गप्प बसू शकले नाही. २०१० ते २०१६ मी तिथेच होते, एच-फोर व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्या नवऱ्याच्या व्हिसामागून बायकोला मिळतो तो. मंडळाच्या गणपतीला खरंच भरून येतं. पण गणपती वर्षातून एकदा. मधल्या मंगळवारी सकाळी नवरा गाडी घेऊन कामावर जातो. बस कुठून सुटते ठाऊक नसतं, गाडी चालवता येत नाही, नोकरी करायला कायद्याने बंदी. नोकरीची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांकही नाही. इथे मी सहा वर्षं ऑफिसात सह्या करत होते, आणि तिथे मोबाईलचं कनेक्शनसुद्धा नवऱ्याच्या नावावर.

"मग मैत्रिणी भेटल्या कुठे?" काकांनी विचारलं.

लाँड्री रूममध्ये. तळघरातल्या त्या मशिनला पंचवीस सेंटची नाणी लागतात, क्वार्टर. माझ्याकडे दोन कमी पडली. शेजारी कपडे घड्या करणाऱ्या बाईने न विचारता पुढे केली. ती गुंटूरची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. दोघींचं हिंदी-इंग्रजी मोडकंतोडकं. पण तिच्याकडे लायसन्स होतं, आणि लायसन्ससाठी सहा पॉइंटची कागदपत्रं (तिथे प्रत्येक ओळखपत्राला ठरावीक पॉइंट) कशी जमवायची हे तिला पाठ होतं. चार फेऱ्या तिने मला स्वतःच्या गाडीतून मारवल्या.

वकीलबाई इतका वेळ ऐकत होत्या. "हे सगळं गोड आहे गं," त्या म्हणाल्या, "पण बायका खऱ्या एकत्र येतात त्या कामावर. लंडनच्या ग्रनविकचं आठव. १९७६ च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई फोटो धुण्याच्या त्या कारखान्यातून काम टाकून बाहेर पडल्या. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कितीतरी गुजराती बायका साडी नेसून थंडीत फाटकावर उभ्या राहिल्या, जवळजवळ दोन वर्षं. संप हरला, पण एकमेकींना सोडलं नाही. तुमच्या एच-फोरवाल्यांकडे असं उभं राहायला फाटकच नाही."

मला हे पटलं, आणि नाहीही. फाटक नाही, म्हणूनच तर लाँड्री रूम लागते. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची गाडी ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली होती, त्या बायकांना कामाचं परमिट मिळू लागलं. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये बायका एकमेकींचे फॉर्म तपासत बसल्या होत्या. कुणाचा जुना बायोडेटा, कुणाची सात वर्षांची गॅप, सगळं एका जेवणाच्या टेबलावर.

"आणि बाळंतपण?" वहिनींचा खरा प्रश्न हा होता.

माझ्या वेळी आईचा व्हिसा नाकारला गेला. सातव्या महिन्यात कळलं. मी रडले ते अक्काच्या स्वयंपाकघरात. लाँड्रीतल्या त्या गुंटूरच्या बाईला मी अक्काच म्हणायचे. मोठ्या बहिणीला तेलुगूत अक्का म्हणतात, आपल्याकडेही. बाळाला पायावर घेऊन पहिली अंघोळ तिने घातली. आपण डाळीचं पीठ लावतो तसं त्यांचं सुन्निपिंडी असतं. धुरी द्यायची म्हणजे स्मोक अलार्म वाजणार, म्हणून आधी सगळ्या खिडक्या उघडायची. अळिवाची खीर मी तिला फोनवरून आईकडून शिकवली. हिंदी आईचंही कच्चं होतं, पण पहिल्याच दिवशी जमली.

वकीलबाईंनी मग नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आणि जिचा पासपोर्ट नवऱ्याने कुलपात ठेवलाय तिचं काय? तिथे तुमचा बहीणभाव काय करतो?"

अशी एक होती. आमच्याच हळदीकुंकवाला यायची, मराठी. आम्हाला कळत होतं. 'घरातली बाब' म्हणून आम्ही मराठी बायकांनी वाण दिलं आणि विषय बदलला. अक्काने बदलला नाही. दारात उभी राहून तिने सरळ विचारलं, आणि नंतर 'मानवी' संस्थेचा नंबर दिला. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून काम करते ती. तो नंबर मलाही ठाऊक होता. मी दिला नव्हता, हे मला अजून छळतं.

कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी फक्त भेळेचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

मग वहिनींनी पर्समधून चष्मा काढला, मोबाईल काढला. "तुझी ती अक्का अजून तिथेच आहे ना? सांग नंबर."

मी सांगितला. त्यांनी दोनदा वाचून दाखवला, मग विचारलं, "नाव काय टाकू?"

"अक्काच टाका."