हिरवं पाणी म्हणजे धातू नाहीत, असं नाही

लेखात म्हटलंय की नाशिकच्या नासर्डी नदीचं पाणी हिरवंगार दिसतं, म्हणजे त्यात जड धातू फारसे नसावेत. हे काही पटलं नाही. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळालं की शेवाळ माजतंच; कोणतं शेवाळ उरलंय ते बघा. तांबं, कॅडमियम वाढलं की नाजूक जाती आधी जातात, चिवट तेवढ्या राहतात. तांबं हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा बळकावतं, मग प्रकाशसंश्लेषण मंदावतं. डायटम या सूक्ष्म शेवाळाची कवचं तर सूक्ष्मदर्शकाखाली वेडीवाकडी दिसू लागतात.

आपल्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. शेततळं हिरवं पडलं की फडक्यात मोरचूद (म्हणजे तांब्याचंच क्षार, कॉपर सल्फेट) बांधून पाण्यात सोडतात, ते उगाच नाही. तेच मोरचूद चुन्याबरोबर बोर्डो हे बुरशीनाशक म्हणून बागेवर मारतो, ते पावसात कुठे जातं? (नुसतं अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या, धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे.)

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. काही शेवाळांना त्याहून कमीही बाधतं. तेव्हा अहवाल ‘मर्यादेत’ आला तरी दगडावरचं शेवाळ खरवडून तपासायला हवं. शेवाळ धातू साठवून ठेवतं. बाटलीतला नमुना फक्त त्या दिवसाचं सांगतो.