आधी नको, मग लावाच

मास्कवरून कट्ट्यावर पुन्हा जुंपली. मास्तर नेहमीप्रमाणे मांडीवर थाप मारून म्हणाले, "लोकांना सगळं सांगायचं नसतं. घबराट होते. सरकारने एकच सांगायचं, पण ठामपणे!"

"ठामपणेच सांगितलं होतं की," सिस्टर म्हणाल्या. "२८ मार्च २०२०, जागतिक आरोग्य संघटनेचं ट्विट. कोविड हवेतून पसरत नाही. मग काय, लोक पिशव्या पुसत बसले आणि खिडक्या बंदच."

"तेव्हा तेवढंच माहीत होतं हो!"

"मग तेवढंच माहीत आहे म्हणायचं! 'आजचा अंदाज हा, बदलला तर कळवू.' याला किती शाई लागते?"

बाळ्याने अमेरिका काढली. फेब्रुवारीत तिथले सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य-सल्लागार, सांगत होते, मास्क विकत घेऊ नका, सामान्यांना त्याचा उपयोग नाही. ३ एप्रिलला तिथलंच सरकार म्हणालं, कापडी मास्क लावा.

सिस्टर तापल्या. "तेच ते एन-९५ मी आलटूनपालटून वापरलेत, कागदी पिशव्यांत ठेवून, पिशवीवर पेनने वार लिहून. 'दवाखान्यात पुरत नाहीत, ते तिथे राहू द्या, तुम्ही घरी कापडाचे शिवा,' एवढं खरं सांगितलं असतं ना, तर लोकांनी आम्हालाही शिवून दिले असते!"

मला त्यांचं शंभर टक्के पटतं. घबराट खऱ्याने होत नाही, खरं दडवलेलं उघडं पडलं की होते. १९९० साली ब्रिटनचे कृषिमंत्री गमर यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला, गोमांस सुरक्षित आहे हे पटवायला. १९९६ च्या मार्चमध्ये त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांतल्या नव्या मेंदूविकाराचा संबंध गाईगुरांच्या 'मॅड काऊ' रोगाशी असण्याची शक्यता आहे. पुढे कोण विश्वास ठेवणार?

"पण नेत्याने डगमगू नये," मास्तरांचं चालूच.

"तुम्ही नाही डगमगलात," बाळ्या म्हणाला. "सहलीला 'रस्ता पाठ आहे' म्हणून ठामपणे डावीकडे नेलंत. तीन तास! पाटी उजवीकडे दाखवत होती."

"ती पाटीच चुकीची होती!" मास्तर ओरडले.

सिस्टर डोळे पुसत हसत होत्या, बाळ्या कट्ट्यावरून घसरलाच.