‘घरगुती विज्ञान’ म्हणणाऱ्या खारघरच्या वाचकांस

‘एक संशोधक, खारघर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. माझ्या ‘मेंदूतल्या पेशींची जनगणना’ या लेखावर तुमचं म्हणणं असं: ५,३०० हा पेशीप्रकारांचा आकडा उंदराचा आहे, माणसाचा नव्हे, पेशीकेंद्रातला आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल) मोजला म्हणजे प्रथिनं मोजली असं होत नाही, आणि ‘असलं घरगुती विज्ञान लिहिण्याआधी मूळ पेपर उघडावा.’

आकड्याचं मान्य. डिसेंबर २०२३मध्ये आलेला ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेचा तो नकाशा उंदराच्या मेंदूचाच. माणसाचा त्याआधी ऑक्टोबरात आला, त्यात तीन हजारांहून थोडे जास्त उपप्रकार आहेत. दुरुस्ती केली आहे. रात्री साडेअकराला टाइप करताना एक ‘उंदीर’ निसटला, एवढंच.

आता ‘घरगुती’. शिवीसारखा वापरलात, म्हणून बोलते. आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत पार्किन्सन अकरा वर्षं राहिला. बाबांच्या लिव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनवरच्या गोळीचा, तक्ता ओट्याच्या वरच्या भिंतीवर होता. गोळी चढली की ते तलावपाळीला एकटे चक्कर मारून यायचे. उतरली की उंबरठ्यावरच पाय खिळायचे. दुपारी डाळ जास्त खाल्ली की गोळी चढायचीच नाही. डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लिव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, मेंदूपाशीही तीच चेंगराचेंगरी. हे मी नंतर वाचलं. आधी बाबांच्या पायांनी सांगितलं होतं. हे घरगुती असेल तर असो.

आणि पेपर उघडला नाही म्हणता? २०२२चा ‘नेचर न्यूरोसायन्स’ या संशोधनपत्रिकेतला उघडला, शब्दकोश मांडीवर घेऊन. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतल्या सबस्टॅन्शिया नायग्रातून, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागातून, संशोधकांनी डोपामिन हे निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशींचे दहा प्रकार वेगळे काढले. एजीटीआर१ हे जनुक चालू असलेला त्यातला एक प्रकार पार्किन्सनमध्ये सर्वांत जास्त घटलेला सापडला. शेजारशेजारच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारख्याच दिसणाऱ्या पेशी, आणि रोग निवडून निवडून मारतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांना शेवटपर्यंत नाट्यपदं तोंडपाठ होती, सही मात्र मुंगीएवढी झाली होती. तुम्हाला यात फक्त आकडा दिसला.

आरएनएचं म्हणाल तर बरोबर आहे, पण हा ब्लॉग आहे, प्रबंध नव्हे. पुढे.

तुम्ही प्रयोगशाळेत असाल, मोठे असाल. मग नाव लिहायला काय हरकत होती? मी माझ्या नावाने लिहिते, चुकते तीही नावानिशी. आणि हो, तुमच्या सहा ओळींत ‘न्यूरॉन’ तीनदा आलाय, तिन्ही वेळा ऱ्हस्व. मी त्यावर काही म्हटलं नव्हतं.