स्पीड सोडा, आधी लिम्ब आणि दोरी बघा

क्रॉसबोवरच्या (ट्रिगरने सोडायचं आडवं धनुष्य) या लेखात सगळा भर बोल्टच्या, म्हणजे त्याच्या आखूड बाणाच्या, स्पीडवर दिलाय पण क्रॉसबो किती टिकेल ते त्यावर ठरत नाही हो. बोल्ट न लावता ट्रिगर ओढला की सगळी ताकद लिम्ब (धनुष्याचे वाकणारे दोन हात) आणि दोरीतच जिरते, एकदा झालं तरी लिम्बला चीर जाऊ शकते, आणि कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा हलका बोल्ट वापरला तरी थोडंफार तेच. म्हणून अँटी ड्राय फायर लॉक (बोल्ट नसेल तर दोरी सुटू न देणारा) असलेलाच घ्या. दोरीचा मधला गुंडाळलेला भाग रेलवर (बोल्ट ठेवायची लांब पट्टी) घासतो, तिथे धागे सुटलेले दिसले की दोरी बदलायला चालढकल नको. कंपाउंडची (लिम्बच्या टोकांना चाकं असलेला क्रॉसबो) दोरी बदलायला बहुतेक वेळा प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून धरणारं यंत्र, लागतो, रिकर्व्हची (चाकं नसलेला, लिम्बची टोकं पुढे वळलेला) स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायला लिम्ब वाकवणारी जादा दोरी, लावून जंगलातच बदलता येते, त्यामुळे लांबच्या शिकारीला मला तरी रिकर्व्हच भरवशाचा वाटतो, रुंदीला जास्त असला तरी चालेल.