ओमनीला ऊस पाजण्याचा विधी

आपल्या अंगणात नव्वदच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी मारुती ओमनी उभी असेल, मागची आसने काढून तिच्यातून आपण दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट आणि लग्नसराईत पाहुणेही वाहत असाल, आणि पंपावरचा फिरता आकडा पाहून आपला जीव खालीवर होत असेल, तर ती गाडी इथेनॉलवर, म्हणजे उसापासून निघणाऱ्या मद्यार्कावर, वळवण्याचा निर्णय आपण आजच घ्यावा. बांधाला ऊस उभा असताना अरबांचे तेल कशाला जाळायचे, हा विचारच इतका थोर आहे की त्याच्या वाटेत गणिताला येऊ देणे हे अभद्र लक्षण होय.

तरीही एखादा आगाऊ भाचा सांगेलच की लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे ज्या टाकीत ओमनी तालुक्याला तीनदा जाऊन येत होती, त्या टाकीत ती दोनदाच जाईल. ब्राझीलमध्ये या इंधनाचा सरकारी कार्यक्रम १९७५ पासून आहे आणि तिथला चालक इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सुमारे ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरतो. असल्या कवडीचुंबक वृत्तीला आपण थारा देऊ नये. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांच्या मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेले आहे. ते मिश्रण आपण बिनतक्रार भरतोच आहोत. तेव्हा घट सोसण्याचा सराव झालेला आहे, आता फक्त मात्रा वाढवायची आहे.

रूपांतराचा मुख्य संस्कार कार्ब्युरेटरच्या जेटवर, म्हणजे इंजिनाकडे इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, होतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत सुमारे दीडपट इंधन सोडावे लागते. हा ‘दीडपट’ शब्द कानी पडताच आपला मिस्त्री ड्रिल हातात घेईल आणि जेटच्या भोकाचा व्यासच दीडपट करील. दीडपट करायचे असते ते भोकाचे क्षेत्रफळ, आणि त्यासाठी व्यास पाव हिश्शानेही वाढवावा लागत नाही, हे आपण त्याला मुळीच सांगू नये, कारण ज्याच्या हातात ड्रिल असते त्याला भूमिती शिकवू नये, असा गॅरेजचा अलिखित नियम आहे. भोक सव्वादोनपट झाले की प्लग ओले होतील आणि गाडी ढकलावी लागेल. उलट मिस्त्री भित्रा निघाला आणि भोक लहानच राहिले, तर मिश्रण विरळ होऊन झडपा जळतील. दोन्ही प्रकारांत त्याचा प्रपंच चालतो, हेही एक समाजकार्यच आहे.

जेट झाला की रूपांतर झाले, असे ठामपणे समजावे. इथेनॉल ज्याला ज्याला शिवते ते सारे बदलावे लागते, म्हणजे रबरी नळ्या, पंपाचा पडदा, सुई, वायसर आणि कदाचित टाकीसुद्धा, असे म्हणणाऱ्या लोकांना सुटे भाग विकायचे असतात. जुने रबर इथेनॉलने फुगते आणि मऊ पडते, जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा कार्ब्युरेटर आतून पांढरा पडत जातो; पण हे सारे आतल्या आत घडत असल्याने चारचौघांत दिसत नाही. आमच्या मामांनी हाच मार्ग पत्करला होता. पंचवीस वर्षांत टाकीच्या तळाशी जी राळ बसली होती ती पेट्रोलने कधी हलवली नव्हती. इथेनॉलने ती आठवड्याभरात धुऊन काढली आणि इमानेइतबारे फिल्टरमध्ये नेऊन ठेवली. टाकी इतकी स्वच्छ झाल्याचे मामा अजून कौतुकाने सांगतात. गाडी तेव्हा घाटात उभी होती.

इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, शंभराच्या वर असतो, हे मात्र सर्वांना सांगत सुटावे. त्या गुणाचे चीज व्हायला बाराला एकच्या घरातले कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, लागते आणि ओमनीचे नऊच्या आसपास आहे, म्हणजे हा गाढवापुढे गीता वाचण्याचाच प्रकार. पण ऐकणाऱ्याकडेही ओमनीच असते.

पौष महिन्यातल्या पहाटे, पारा तेरा अंशांच्या खाली गेला की इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. ब्राझीलमधल्या गाड्यांत यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. आपण पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ती आसनाखाली ठेवावी आणि पेट्रोलमुक्तीची घोषणा तिच्यावरच बसून करावी.

आता इंधन आणायचे कोठून? पुण्यात ५ जून २०२१ रोजी तीन पंपांवर शंभर टक्के इथेनॉलचा प्रयोग सुरू झाला होता. आपण आजऱ्याला राहत असाल तर तेवढे अंतर ओमनीला सोसेल. कारखान्यावर कॅन घेऊन जाण्यात अर्थ नाही, तिथले इथेनॉल परवान्याच्या कुलपात असते आणि तेल कंपन्यांच्या टँकरमध्ये जाते. राहिला स्वावलंबनाचा मार्ग. टनभर उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते, आडसाली लागण असेल तर टाकी भरायला दीड वर्ष थांबावे एवढेच. साध्या भट्टीवर कितीही वेळा गाळले तरी ९५.६ टक्क्यांच्या पुढे ते जात नाही, उरलेले पाणी काढायला कारखान्यासारखी यंत्रणा लागते. शिवाय या उद्योगाला कायदा इंधननिर्मिती न म्हणता हातभट्टी म्हणतो, आणि चौकशीला येतात ते राज्य उत्पादन शुल्क खात्याचे लोक.

हे सर्व पार पडून गाडी चालू अवस्थेत राहिलीच, तर पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीसाठी पर्यावरण कराची पावती घेऊन आपण आरटीओत हजर व्हावे. आरसी बुकात इंधनापुढे ‘पेट्रोल’ लिहिलेले आहे आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा परस्पर केलेला बदल चालवून घेत नाही. निरीक्षक टाकीचे झाकण उघडून वास घेतील, थोडे थांबतील, आणि मग आपल्याला जवळ बोलावून तोंड उघडायला सांगतील.